कोरी पाटी, पुसलेली पाटी : आर्वो पॅर्टची ‘ताबुला रासा’

‘ताबुला रासा’ या लॅटिन शब्दबंधाचे भाषांतर आपण सवयीने ‘कोरी पाटी’ असे करतो. पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेच्या चर्चेत हे भाषांतर चालून जाते. परंतु मूळ शब्दांत एक छटा अशी आहे की जी ‘कोरी’ या विशेषणात येत नाही. रोमन लोक मेणाचा थर दिलेल्या फळीवर टोकदार कलमाने लिहीत आणि लिहिलेल्याचे काम संपले की ते मेण खरवडून पुन्हा गुळगुळीत करीत. ‘रासा’ म्हणजे खरवडलेली. तेव्हा ही पाटी कधीच न लिहिलेली पाटी नव्हे. तिच्यावर पूर्वी काहीतरी लिहिले होते आणि कोणीतरी ते पुसून टाकले आहे. कोरेपण आणि पुसलेपण यांतला हा भेद भाषेच्या अभ्यासकाला किरकोळ वाटू नये, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका महत्त्वाच्या संगीतरचनेचा इतिहास या भेदावरच उभा आहे. ती रचना म्हणजे एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्ट याची ‘ताबुला रासा’: दोन व्हायोलिन, एक ‘सज्ज केलेला’ पियानो आणि तंतुवाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, दोन भागांची, साधारण पंचवीस-सत्तावीस मिनिटांची.

या रचनेचे पहिले सादरीकरण ३० सप्टेंबर १९७७ रोजी टालिन येथील पॉलिटेक्निक संस्थेच्या सभागृहात झाले. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघराज्याचा भाग होता. वाद्यवृंदाचे संचालन एरी क्लास करीत होता, एकल व्हायोलिनवादक होते गिदोन क्रेमर आणि तात्याना ग्रिन्देन्को, आणि पियानोपाशी बसला होता आल्फ्रेड श्निट्के. हे शेवटचे नाव सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. श्निट्के हा त्या पिढीतील सोव्हिएत संगीतकारांपैकी एक अग्रगण्य संगीतकार, आणि ज्या कार्यक्रमासाठी पॅर्टने ही रचना लिहिली त्यात श्निट्केची ‘कॉन्चेर्तो ग्रोस्सो क्र. १’ ही रचनाही होती. किंबहुना तिला जोड म्हणून, तिच्यातल्याच वाद्यमेळाशी जुळणारे काहीतरी लिही, अशी विनंती क्लासने पॅर्टला केली होती. म्हणजे ‘ताबुला रासा’चा जन्म एका शेजारासाठी झाला. तो शेजार लक्षात घेतल्याशिवाय तिचा अर्थ पुरता उलगडत नाही, असे मला वाटते.

प्रथम श्निट्केकडे वळू. त्याचा जन्म १९३४ साली व्होल्गा नदीकाठच्या एंगेल्स या गावी झाला. आई व्होल्गा-जर्मन, वडील ज्यू, नागरिकत्व सोव्हिएत. दुसऱ्या महायुद्धानंतर वडिलांच्या नोकरीमुळे कोवळ्या वयातली दोन वर्षे त्याने व्हिएन्नामध्ये काढली, आणि मोझार्ट-शूबर्टचे ते शहर त्याच्या मनात हरवलेल्या घरासारखे राहून गेले. पुढे मॉस्कोत उपजीविकेसाठी त्याने चित्रपटांना भरपूर संगीत दिले. चित्रपटाच्या या कामाने त्याला एक गोष्ट शिकवली: कोणत्याही काळाची कोणतीही शैली मागणीनुसार उभी करता येते. १९७२ साली त्याने आपल्या चित्रपटसंगीतातले काही तुकडे एकत्र करून व्हायोलिन आणि पियानोसाठी ‘जुन्या शैलीतील सूट’ रचली. ‘सूट’ हा अठराव्या शतकात बहरलेला घाट: एकामागून एक येणाऱ्या नृत्यवजा तुकड्यांची माळ. श्निट्केच्या सूटमध्ये पास्तोराल, बॅले, मिन्युएट, फ्यूग आणि पँटोमाइम असे पाच तुकडे आहेत. पहिल्या चार तुकड्यांत ऐकणाऱ्याला शंका येऊ नये इतके ते संगीत निर्मळ आणि ‘जुने’ आहे. शेवटच्या पँटोमाइममध्ये मात्र एके ठिकाणी एक कर्कश विसंवादी स्वर येतो आणि आपल्या लक्षात येते की हा अठराव्या शतकाचा मुखवटा आहे. पुढे या सूटची वाद्यवृंदासाठीही रूपांतरे झाली आणि ती जगभर लोकप्रिय ठरली. तो एक कर्कश स्वर न ऐकताच तिच्यावर प्रेम करणारेही पुष्कळ आहेत.

‘कॉन्चेर्तो ग्रोस्सो क्र. १’मध्ये तो मुखवटा उघडपणे फाटतो. कॉन्चेर्तो ग्रोस्सो हाही बरोक काळातला घाट. कोरेल्ली, विवाल्दी, हँडेल यांनी तो घडवला. मोजक्या वादकांचा एक गट आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यातील देवाणघेवाण हे त्याचे तत्त्व. व्यक्ती आणि समूह एकाच भाषेत बोलतात, हा विश्वास त्या घाटाच्या मुळाशी होता. १९७७ साली हा घाट हाताळताना श्निट्केने त्या विश्वासाची कसोटी पाहिली. सहा भागांच्या या रचनेत विवाल्दीसारखा एक झपाटलेला तोक्काता आहे, विसाव्या शतकातले घट्ट विसंवादी स्वरपुंज आहेत, आणि मध्येच हार्पसिकॉर्डवर अवतरणारा एक टँगो आहे. आजीच्या आवडीचा, असे श्निट्के गमतीने म्हणे. या सर्वांचा शेवट समेटात होत नाही. सुरुवातीला सज्ज पियानोवर वाजलेले साधेसे, बालगीतासारखे सूर अखेरीस मोडक्या घड्याळाच्या टोल्यांसारखे परत येतात. परंपरा इथे वारसा म्हणून न येता भूत म्हणून येते. आपल्या या पद्धतीला श्निट्केने ‘बहुशैलीवाद’ असे नाव दिले होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल: अवतरण, विडंबन, संहितांची सरमिसळ, उपरोध. पाटीवर इतके लिहायचे, की जुने अक्षर नव्या अक्षरात गुंतून कुठलेच एक वाचता येऊ नये.

सज्ज पियानोविषयी इथेच सांगून टाकू. अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९४० च्या सुमारास पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, रबर यांसारख्या वस्तू अडकवून त्याचा नाद बदलण्याची कल्पना रूढ केली. अशा पियानोचा सूर घंटा, भांडे, लाकूड यांच्या आवाजांकडे झुकतो. युरोपीय अभिजात संगीताचे सर्वांत प्रतिष्ठित वाद्य त्यामुळे स्वतःलाच परके होते. श्निट्केने हे परकेपण भुतासाठी वापरले, तर पॅर्टने घंटेसाठी.

आता पॅर्ट. त्याचा जन्म १९३५ सालचा, एस्टोनियातील पाइदे या गावचा. टालिनच्या संगीत विद्यालयात हाइनो एलर या गुरूकडे तो शिकला आणि त्याच सुमारास एस्टोनियन रेडिओवर ध्वनितंत्रज्ञ म्हणून नोकरीला लागला. १९६० साली त्याने ‘नेक्रोलॉग’ ही रचना लिहिली. एस्टोनियातली ती पहिली बारा-स्वरी पद्धतीची रचना, आणि तिच्यामुळे तो अधिकृत टीकेचा धनी झाला. पाश्चात्त्य बूर्झ्वा आकारवादाची लागण झाली, असा त्या काळचा तो नेहमीचा आरोप होता. पुढच्या काही वर्षांत तो ‘कोलाज’कडे वळला: बाखचे तुकडे घ्यायचे आणि त्यांच्यावर आधुनिक गोंगाट आदळायचा. म्हणजे, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, श्निट्के १९७७ साली जिथे होता त्याच वाटेने पॅर्ट दहा वर्षे आधी चालून गेला होता.

ही वाट जिथे संपली ती रचना म्हणजे ‘क्रेदो’ (१९६८). पियानो, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या या रचनेत बाखचा सुप्रसिद्ध सी मेजर प्रिल्यूड आहे. त्याचा हळूहळू विध्वंस होत जातो आणि शेवटी तो पुन्हा उभा राहतो. शब्द आहेत ख्रिस्तावरील श्रद्धेच्या लॅटिन उच्चाराचे आणि दुष्टाव्याला प्रतिकार न करण्याच्या बायबलमधील आदेशाचे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये टालिन येथे नेमे यार्वीच्या संचालनाखाली ही रचना सादर झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. अशा हवेत सार्वजनिक सभागृहात श्रद्धेचा जाहीर उच्चार होणे ही केवळ संगीताची घटना राहिली नाही. चौकशा झाल्या आणि ‘क्रेदो’ अधिकृत व्यासपीठावरून दीर्घकाळ नाहीशी झाली.

यानंतरच्या पॅर्टच्या सुमारे आठ वर्षांना ‘मौनाची वर्षे’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती पूर्णतः खरी नाही. या काळात त्याने १९७१ साली तिसरी सिंफनी लिहिली, आणि उदरनिर्वाहासाठी चित्रपटांना संगीतही दिले. पण स्वतःची म्हणावी अशी भाषा त्याच्यापाशी उरली नव्हती, हे खरे. त्याने मध्ययुगीन ग्रेगोरियन गायनाचा आणि आरंभीच्या बहुस्वरी संगीताचा अभ्यास केला. वह्याच्या वह्या एकेरी स्वरावलींनी भरल्या. १९७२ साली विवाह केला आणि त्याच सुमारास ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेश केला. १९७६ साली ‘आलिनासाठी’ ही पियानोची एक छोटी रचना आली, आणि तिच्याबरोबर एक नवी पद्धत. तिला त्याने ‘तिन्तिन्नाबुली’, म्हणजे ‘छोट्या घंटा’, असे नाव दिले.

ही पद्धत सांगायला अतिशय सोपी आहे. दोन आवाज असतात. पहिला आवाज सप्तकाच्या पायऱ्यांवरून एकेक पायरी चढतो-उतरतो. दुसरा आवाज फक्त मूळ त्रयीचे, म्हणजे आधारस्वर, त्याचा तिसरा आणि पाचवा यांचेच स्वर उच्चारतो, आणि पहिल्याच्या प्रत्येक स्वराला यांपैकी कोणता स्वर साथ देणार हे आधी ठरलेल्या नियमाने ठरते. चालणारा एक आणि घरीच राहणारा एक. मराठी वाचकाला इथे तानपुऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती काही अंशी उपयोगीही आहे. पण साम्य फार ताणू नये. तानपुरा गायकाच्या प्रत्येक स्वराला उत्तर देत नाही, तो फक्त असतो. तिन्तिन्नाबुलीतला दुसरा आवाज मात्र प्रत्येक पावलाशी हात धरून चालतो, आणि त्यामुळे कधी गोड, कधी टोचणारे स्वरसंबंध अटळपणे निर्माण होतात. रचनाकाराची लहर इथे जवळजवळ संपुष्टात येते. बारा-स्वरी पद्धतीतला कडक हिशेब पॅर्टने टाकून दिला नाही, हे इथे दिसते. त्याने फक्त त्या हिशेबाची सामग्री बदलली. पाटी पुसली, पण पाटीवर आखलेल्या रेघा राहिल्या.

ही भाषा अजून नवीच होती तोच क्लासची विनंती आली. स्वतः पॅर्टनेच सांगून ठेवले आहे की स्वरलिपीची पाने पाहिल्यावर वादक ओरडले: यात संगीत कुठे आहे? पानांवर पायऱ्या, त्रयी आणि विराम यांखेरीज फारसे काही नव्हते.

पहिल्या भागाचे नाव ‘लुदुस’, म्हणजे खेळ. आरंभी दोन्ही व्हायोलिन ‘ए’ हा एकच स्वर जोरकसपणे उच्चारतात: एक अत्यंत उंचावर, दुसरे खर्जात. मधली सगळी सप्तके रिकामी असतात. मग दीर्घ शांतता येते. तीतून वाद्यवृंदाची कुजबुजल्यासारखी हालचाल सुरू होते, वाढते, थांबते, पियानोची घंटा वाजते, पुन्हा शांतता. ही आवर्तने चालू राहतात, आणि प्रत्येक आवर्तनात वाजणारा भाग वाढतो आणि शांतता आक्रसत जाते. खेळ रंगत जातो तसा न वाजण्याला जागा उरत नाही. शेवटी एकल वादकांचे धावते स्वर आणि पियानोचे आघात एकमेकांवर आदळतात आणि जो कडेलोट होतो तो कोणत्याही अर्थाने ‘शांत’ संगीताचा नव्हे. पॅर्टला केवळ ध्यानाचा संगीतकार समजणाऱ्यांनी हा भाग पुन्हा ऐकावा.

दुसरा भाग ‘सिलेन्तियुम’, म्हणजे मौन. आधारस्वर आता ‘डी’. वाद्यांच्या तीन जोड्या आहेत. प्रत्येक जोडी मध्यवर्ती स्वरापासून निघते, एक स्वर वर आणि एक स्वर खाली जाऊन परतते, पुढच्या फेरीत आणखी एक स्वर दूर जाते. मात्र तिघींची गती निरनिराळी असते. मध्यस्वराकडे परतण्याच्या जागी पियानो आपली मंद घंटा वाजवतो. ख्यालातील स्वरस्वरांची बढत ज्यांच्या कानात आहे त्यांना हा विस्तार परिचित वाटेल. तथापि बढतीत गायकाची कल्पना प्रत्येक स्वर नव्याने कमावते. इथे कोणीच काही कमावत नाही, सगळे ठरल्यासारखे उमलते. सप्तकाचा विस्तार पुरा झाला की एकेक जोडी गळून पडते. शेवटी सुरावट खाली उतरू लागते. व्हायोलिनकडून जाड तारांच्या वाद्यांकडे, आणि अखेर एकट्या डबल बासकडे. ती आधारस्वराच्या अगदी वरच्या पायरीपर्यंत येते. आपल्या भाषेत बोलायचे तर ऋषभावर. आणि ज्या षड्जाची कान वाट पाहत असतो तो वाजत नाही. त्याच्या जागी स्वरलिपीत विराम लिहिलेले आहेत. वादक थांबून राहतात. षड्ज ऐकणाऱ्यानेच म्हणायचा.

त्या संध्याकाळी सभागृहात असलेला, तेव्हा अठराएक वर्षांचा आणि पुढे स्वतः नामवंत संगीतकार झालेला एर्क्की-स्वेन त्यूर याने नंतर आठवण सांगितली आहे की रचना संपल्यावर टाळी वाजवावी असे कोणालाच वाटेना. ही आठवण भावुक म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ज्या समाजात टाळ्या वाजवणे हा सार्वजनिक जीवनाचा सक्तीचा विधी होता, तिथे एका सभागृहाने टाळी न वाजवणे हा प्रतिसादच वेगळ्या जातीचा होता. ‘क्रेदो’ने श्रद्धा उच्चारली म्हणून तिला बंद करता आले. ‘ताबुला रासा’त एकही शब्द नाही, तेव्हा बंद कशाला करणार? न वाजलेल्या स्वरावर बंदी घालता येत नाही. तरीही मी या मौनाला सरळसरळ राजकीय प्रतिकार म्हणणार नाही. तसे म्हणणे सोयीचे आहे, पण त्याने रचना पुन्हा घोषणेच्या पातळीवर येते, आणि नेमक्या त्याच पातळीवरून ती निघून गेली होती.

पुढचा इतिहास प्रवासाचा आहे. त्याच वर्षी क्रेमर, ग्रिन्देन्को आणि श्निट्के साउलियस सोंदेत्स्किसच्या लिथुआनियन चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर पश्चिम युरोपच्या दौऱ्यावर गेले. नोव्हेंबरमध्ये बॉन येथील कार्यक्रमाचे जर्मन रेडिओने ध्वनिमुद्रण केले. १९८० च्या जानेवारीत पॅर्टने कुटुंबासह देश सोडला. आधी व्हिएन्ना, मग पश्चिम बर्लिन. दरम्यान ‘इसीएम’ या ध्वनिमुद्रण संस्थेचा निर्माता मॅन्फ्रेड आयशर याने गाडी चालवताना रेडिओवर हे संगीत ऐकले, आणि ते कोणाचे याचा शोध घेतला. १९८४ साली बॉनचे ते मुद्रण ‘ताबुला रासा’ याच नावाच्या तबकडीतून प्रसिद्ध झाले, आणि त्या तबकडीपासून ‘इसीएम’ची ‘न्यू सिरीज’ ही मालिका सुरू झाली. पॅर्टच्या जागतिक कीर्तीचा आरंभ तिथला. आणि त्या मुद्रणात घंटा वाजवणारे हात श्निट्केचेच आहेत.

कीर्तीबरोबर आक्षेपही आले. पॅर्ट, पोलंडचा गुरेत्स्की, इंग्लंडचा टॅव्हनर या सर्वांना ‘पवित्र मिनिमलिस्ट’ असे काहीसे कुत्सित लेबल लावण्यात आले. म्हटले गेले की हे संगीत थकलेल्या मध्यमवर्गाला श्रद्धेची किंमत न मोजता श्रद्धेचा सुगंध विकते. इतिहासाच्या कोलाहलाला उत्तर न देता त्यावर पडदा ओढते. आक्षेप पोकळ नाही. चित्रपटांतून, जाहिरातवजा दृश्यफितींतून पॅर्टचे सूर ज्या प्रकारे ‘गंभीर वातावरण’ म्हणून वापरले जातात ते पाहिले की त्याला बळच मिळते. पद्धत इतकी स्पष्ट असली की ती साच्यात उतरायला वेळ लागत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

परंतु याच संगीताच्या वापराची दुसरी एक नोंद आहे. संगीतसमीक्षक अ‍ॅलेक्स रॉसने २००२ साली ‘न्यू यॉर्कर’मधील लेखात लिहिले आहे की एड्सच्या साथीत मरणाच्या दारी असलेले काही रुग्ण ही तबकडी, विशेषतः तिचा दुसरा भाग, पुन्हापुन्हा लावायला सांगत. ज्यांच्यापुढे स्वस्त दिलासा टिकला नसता, अशी ही माणसे होती. त्यांना या संगीतात काय मिळाले असेल हे आपण बाहेरून ठरवू नये. मात्र ‘सिलेन्तियुम’ दिलासा देत नाही, तो घराच्या उंबऱ्यापाशी आणून सोडतो, एवढे रचनेवरूनच दाखवता येते. शेवटचा स्वर वाजवला असता तर तो दिलासा झाला असता.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले. त्या परिभाषेत श्निट्केची रचना विरोधाची आणि पॅर्टची संवादाची, अशी वाटणी करण्याचा मोह होतो; परंतु ती पुरी पडत नाही. समतोल खरे तर त्या दोन रचनांच्या मध्ये, त्या कार्यक्रमाच्या आखणीत होता. एकाच पिढीच्या, एकाच राजवटीखालच्या, एकाच वाद्यमेळाला सामोऱ्या गेलेल्या दोन माणसांनी एकाच प्रश्नाला दिलेली ती दोन उत्तरे आहेत. प्रश्न असा, की वारशाने मिळालेली भाषा खोट्या वापराने झिजून गेल्यावर प्रामाणिकपणे कसे बोलावे? श्निट्के म्हणाला, सगळ्याच झिजलेल्या भाषा एकदम बोलून त्यांचे झिजणे ऐकवावे. पॅर्ट म्हणाला, एका सप्तकाला आणि एका त्रयीला परवडेल तेवढेच बोलावे. पहिल्याला दुसऱ्याचे उत्तर परके वाटले नाही. त्याने त्यात घंटा वाजवली.

साहित्याच्या वर्गात ‘मौन’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. कवितेत ओळ संपून जागा मोकळी राहिली, की तिथे अर्थगर्भ मौन आहे असे लिहिण्याची आपल्या समीक्षेला सवय झाली आहे. ‘ताबुला रासा’ या सवयीला एक कसोटी लावते. तिचे मौन मोजलेले आहे. ते पानावर लिहिलेले आहे, त्याच्या आधी काय पुसले गेले हे सांगता येते आणि त्या जागी कोणता स्वर अपेक्षित होता हेही नेमके सांगता येते. ज्या मोकळ्या जागेविषयी हे तिन्ही सांगता येत नाही ती कोरी पाटी असेल, पुसलेली नव्हे. दोन्ही पाट्या लांबून सारख्याच काळ्या दिसतात. जवळ जाऊन, तिरप्या उजेडात धरून पाहणे हे वाचकाचे काम.